डिपोटींच्या समोरची जागा

शाळा मुलांच्या दृष्टीस पडू नये म्हणून आमचे मामा आम्हांला बाजारात न्यायचे ते लांबच्या वाटेनं. जवळच्या वाटेवर मुलांची शाळा होती. तिथून पाढ्यांचा गलका ऐकू यायचा आणि मधूनच छडीचा आवाज. मामा म्हणायचे, "असलं काही कानांवर पडायचं हे वय नव्हे." आम्ही म्हणजे मी आणि माझा मामेभाऊ बंडू. शाळा हा काहीतरी चावट प्रकार असावा, अशी आमची बरीच वर्षं समजूत होती.

बरं, हा मनुष्य होता कोण? तर स्वतः शाळाखात्यातला डिपोटी! डिपोटी म्हणजे गावोगावच्या शाळा तपासणारा साहेब. तो येणार म्हटलं की मास्तरांच्या तोंडचं पाणी पळायचं, शाळा सारवून निघायच्या आणि पोरांच्या नाकांना वर्षातून एकदा फडकं लागायचं. मामांनी चिपळूणपासून राजापूरपर्यंत बैलगाडीनं आणि होडीनं फिरून अशा पुष्कळ शाळा पाहिल्या, आणि एक दिवस राजीनामा देऊन रत्नागिरीला घरी येऊन बसले. आंब्याची दोनचार कलमं होती, थोडी भातजमीन होती, त्यावर भागायचं. नोकरी गेली तरी आळीनं त्यांना डिपोटीच म्हणायचं चालू ठेवलं. मुलगा शाळेत घातलेला नाही हे कळल्यावर तर जास्तच चवीनं म्हणायला लागली.

राजीनाम्याचं कारण त्यांनी मला पुढं एकदाच सांगितलं. कुठल्याशा खाडीकाठच्या शाळेत त्यांनी पहिल्या ओळीतल्या एका मुलाला उभं केलं आणि विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?" मुलगा थरथरायला लागला आणि उभ्या उभ्या त्याची चड्डी ओली झाली. मास्तर छडी घेऊन धावले. मामा म्हणायचे, "अगो, मी फक्त नाव विचारलं होतं. आणि ते त्याला येत होतं."

एवढं सांगून ते सुपारी कातरायला लागले.

माझी आई मी दोन वर्षांची असताना गेली. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते मुंबईला गोदीत कारकून, चाळीतल्या एका खोलीत आणखी तिघांबरोबर राहायचे. तिथं एवढ्याशा पोरीला कोण सांभाळणार? म्हणून आगबोटीनं मला आणून मामीच्या ओटीत घातलं. मामीला बंडूच्या पाठीवर मुलगी झाली होती, ती राहिली नाही. तिनं मला घेतलं ते घट्टच घेतलं. मी सहा वर्षांची घोडी झाले तरी तिच्या मांडीवर बसायची, आणि तिचे पाय मुंग्यांनी बधिर झाले तरी ती ऊठ म्हणायची नाही.

ती बसायची कुठं, हे सांगायला हवं. माजघरात स्वैपाकघराच्या दाराशी मामांचं व्यासपीठ मांडलेलं असे. पोथी ठेवायचं, कैचीसारखं उघडणारं लाकडी व्यासपीठ. लोक त्याच्यावर पोथी ठेवतात. आमचे मामा वाट्टेल ते ठेवायचे. कादंबरी, प्रवासवर्णन, कवितेचं पुस्तक, जुनं मासिक, एकदा तर कलमांच्या खतांची माहितीसुद्धा. पण थाट मात्र पोथीचा. हातपाय धुवायचे, पाट मांडायचा, पुस्तकावर एक फूल ठेवायचं, आणि मग उंच, स्वच्छ आवाजात वाचायला लागायचं. नारळाच्या झापाची एक काडी त्यांच्या हातात असायची. जो शब्द वाचायचा त्याच्याखाली ती सरकायची.

मामा व्यासपीठाच्या अलीकडे. त्यांच्या डाव्या हाताला, व्यासपीठाच्या कडेला बंडू, कारण तो पानं फाडायचा आणि हाताच्या टप्प्यात असलेला बरा. आणि समोर, पलीकडच्या बाजूला मामी, मांडीवर मी. मामीच्या शेजारी सूप. तांदूळ निवडायचे, नाहीतर लसूण सोलायची. समोरच बसायचं, कारण तिथून मान जरा वळवली की चुलीवरचं दूध दिसायचं. ही बसायची व्यवस्था कधी बदलली नाही. माणसं आपापल्या जागा धरून बसली की कोकणात त्या जागा वडिलोपार्जित होतात.

हीच आमची शाळा. वाचून झालं की मामा विचारायचे, "बंड्या, सांग पाहू काय झालं?" की बंडू आपल्याला हवं तसं सांगायचा. राजाला मारून टाकायचा, चोराला गादीवर बसवायचा. मामा मान डोलवायचे. "ऐकलंय नीट," म्हणायचे. "पटलं नाही, हा वेगळा मुद्दा." चूक काढायची नाही. पाठ करायला लावायचं नाही. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, 'वाचून दाखव' असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. त्यावर मामांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "मूल म्हणजे लोणच्याची बरणी. मुरलं का, मुरलं का, म्हणून सारखं झाकण उघडाल तर बुरशी येईल."

शेजारच्या काकू म्हणायच्या, "डिपोटी, पण लिहायचं काय? पोरांना अजून पाटी धरता येत नाही."

"बोलता यायच्या आधी कुणी व्याख्यानं देत नाही," मामा म्हणायचे. "भरलं की सांडेल."

काकू कपाळाला हात लावून निघून जायच्या. जाताना आपली दोन्ही मुलं शाळेत जातात, हे मोठ्यानं सांगून जायच्या. ती दोन्ही मुलं संध्याकाळी आमच्या खिडकीखाली बसून गोष्ट ऐकायची.

शिक्षासुद्धा एकच होती. दंगा केला की, "जा, बाहेर खेळ." दाराबाहेर फणसाखाली उभं राहायचं आणि आत गोष्ट पुढं चाललेली असायची. बंडूला पहिल्यांदा ही शिक्षा झाली तेव्हा तो आनंदानं उड्या मारत गेला. आत जहाज वादळात सापडलं तसा दाराच्या फटीला डोळा लावून रडायला लागला. मामांचं आतल्या गाठीचं कसब हे, की नेमकं जहाज बुडायच्या बेताला आलं की पुस्तकात खूण घालायची. "आज इतकंच." मग पायावर डोकं आपटा नाहीतर उपास करा. उरलेलं उद्या.

एका उन्हाळ्यात कलमांचा सौदा करायला एक व्यापारी आला होता. मोठा घासाघीस करणारा माणूस. मामा वाचत होते म्हणून ओटीवर टेकला. जहाज बुडायच्या बेताला आलं, मामांनी खूण घातली. व्यापारी उठून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. तिसऱ्या दिवशी येताना भावाला घेऊन आला. जहाज बंदराला लागल्यावर त्यानं डोळे पुसले आणि मामा म्हणतील त्या भावाला हो म्हणून गेला. मामी म्हणाली, "आणखी दोन दिवस ते जहाज पाण्यात ठेवलं असतंत तर काय बिघडलं असतं?" मामा म्हणाले, "लेखकानं जितकं ठेवलंय तितकंच ठेवता येतं." असल्या माणसाला व्यवहार काय कळणार?

कविता मात्र घरात वाचायची नाही. ती सड्यावर नेऊन वाचायची. उघड्या कातळावर वारा इतका असायचा की मामांचा शब्द तोंडातून निघाला की थेट समुद्रात. आम्हांला काही ऐकू यायचं नाही. घरी परतताना मामा विचारायचे, "कशी वाटली?" आम्ही म्हणायचो, "छान." बंडू तर व्यासपीठ डोक्यावर घेऊन जाऊन आल्यामुळे सगळ्याच कवितांवर रागावलेला असायचा.

असं आमचं बरं चाललं होतं. मी आठ वर्षांची झाले आणि वैशाखात नाना आले.

नाना येणार म्हणजे बंदरावर जायचं. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं लहान पडावातून किनाऱ्याला यायची. त्या वर्षी नाना पडावातून उतरले तेच मला नुसतं कुरवाळून मामांना म्हणाले, "मी दुसरं लग्न केलंय. खोलीही स्वतंत्र घेतलीय. हिला न्यायला आलोय." हातात हलव्याचा पुडा होता, तो माझ्या हातात दिला. डाव्या हातानं. मग जीभ चावली, पुडा काढून घेतला आणि परत उजव्या हातानं दिला. त्यांची ती खोडच होती. कपही डाव्या हातानं उचलायचे आणि मग चोरी सापडल्यासारखा उजव्यात घ्यायचे.

घरी आल्यावर गाठोडं सुटलं. बंदरावरच्या लोकांनी नानांचे कान भरले होते. डिपोटींनी पोरीला अडाणी ठेवलंय, शाळेचं तोंड दाखवलं नाही, नुसत्या गोष्टी सांगत बसतात. नाना भले गृहस्थ. ओरडले नाहीत. म्हणाले, "तुम्ही हिला जीव लावलात, हे उपकार मी विसरणार नाही. पण आईविना पोर, त्यातून अडाणी, हिचं पुढं कसं व्हायचं? मुंबईला शाळा आहे. शेवटच्या बोटीनं घेऊन जातो." त्यानंतर पावसाळा. समुद्र बंद झाला की नारळी पौर्णिमेपर्यंत बोट नाही.

नानांनी संध्याकाळी माझी पत्र्याची पेटी मागितली. मामीनं ती माळ्यावर ठेवून शिडी विहिरीच्या मागं नेऊन टाकली होती. "पेटी मिळत नाही," म्हणाली, आणि आंब्याचा रस काढायला बसली.

मला काय वाटत होतं? मला मुंबईला जायचं नव्हतं, दुसरं काही नाही. ती नवी आई कशी असेल, तिला गोष्ट येत असेल का, तिच्या मांडीवर बसू देईल का, एवढंच सारखं मनात यायचं. बंडूनं आपली गोट्यांची पिशवी मला देऊन टाकली. मी मेल्यागत त्यानं चेहरा केला होता.

शेवटी तोड निघाली ती अशी. शाळेचे हेडमास्तर नानांच्या ओळखीचे, देशावरून नवीन आलेले. त्यांनी यावं, मला तिसरीचं पुस्तक वाचायला द्यावं. वाचता आलं तर मी राहीन. नाहीतर बोट.

मामी मामांना म्हणाली, "अहो, आजच्या दिवस तरी तिच्याकडून एकदा वाचून घ्या."

"नाही," मामा म्हणाले. "बरणी त्यांना उघडायची तर उघडोत. मी उघडणार नाही." पण त्या दिवशी त्यांनी सुपारी इतकी कातरली की पुढं महिनाभर पुरली.

मी भ्यायले नव्हते, हे सांगते. वाचता मला येत होतं. कधीपासून, ते ठाऊक नाही. काडीच्या मागोमाग डोळे जाता जाता कधीतरी आलं. पुस्तकं मी माळ्यावर बसून एकटी वाचायची. उरलेलं जहाज उद्यापर्यंत कोण थांबतंय! बंडूही चोरून वाचायचा. चोरून, कारण गोष्ट आधीच ठाऊक आहे असं मामांना कळलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं.

हेडमास्तर आले. झोपाळ्यावर बसले. घाम पुसला, पन्हं घेतलं आणि तिसरीचं कोरं करकरीत पुस्तक माझ्या हातात दिलं. "हं बाळ. कुठलंही पान काढ."

मी पान काढलं, पुस्तक फिरवून घेतलं आणि वाचायला लागले. एका शेतकऱ्याचा आणि कोल्ह्याचा धडा होता. फडाफडा वाचला.

हेडमास्तरांनी हात वर केला. "थांब. पुस्तक उलटं धरलंयस तू."

"नाही," मी म्हटलं.

"उलटं आहे. सरळ धर."

त्यांनी येऊन पुस्तक फिरवलं. मी पाहिलं. एक अक्षर ओळखीचं नाही! सगळी अक्षरं खाली डोकं वर पाय करून उभी. मी पानावर बोट ठेवलं, उचललं, परत ठेवलं. झोपाळ्याची कडी तेवढी वाजत होती.

"बघा नाना," हेडमास्तर म्हणाले. "मुलीला अक्षरओळख नाही. पाठांतर मात्र उत्तम करून घेतलंय. कोल्ह्याचा धडा सगळ्यांना ठाऊक असतो." मग मामांकडे वळून म्हणाले, "डिपोटीसाहेब, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

मामांना खरोखरच काही कळलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात दाराआडून मामी बोलली. परक्या पुरुषांसमोर ती कधी बोलत नसे.

"पाठ नाही ते. लिहिलंय तसंच वाचतेय ती."

"वहिनी," नाना हळूच म्हणाले, "तुमची माया मला कळते. पण ह्यातलं तुम्हांला काय कळणार?"

"मला कळतं," मामी म्हणाली आणि आत गेली.

तिच्या बोलण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. पण मामा उठले. नानांनी आणलेल्या हलव्याच्या पुड्याचा कागद कोनाड्यात पडला होता. मुंबईचं वर्तमानपत्र, बोटीतून आलेलं, ह्या घरात कुणी न वाचलेलं. मामांनी ते व्यासपीठावर पसरलं, आपल्या जागेवर बसले आणि मला समोरच्या जागेवर बसायला खूण केली. काडी घेतली. आणि सगळ्या जन्मात जे कुठल्याही मुलाला घरी म्हटलं नव्हतं ते म्हणाले. "वाच."

मी वाचलं. आधी केसांच्या तेलाची जाहिरात. मग कुणाचा बैल हरवल्याची बातमी, शिंगांच्या वर्णनासह. मग "सदर बैल आणून देणारास" म्हटलं आणि थांबले.

"का थांबलीस?" हेडमास्तरांनी विचारलं.

"पुढं तूप आहे," मी म्हटलं.

हेडमास्तर झोपाळ्यावरून उठले. माझ्या मागं येऊन उभे राहिले, वाकले, चष्मा सारखा केला. कागदावर तिथं खरोखरच हलव्याच्या तुपाचा डाग होता. त्यांनी माझ्या डोक्यावरून पलीकडे मामांकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं. "वाचते," म्हणाले. "पण उलटं वाचते."

मामांनी आपली जागा पाहिली. माझी जागा पाहिली. मग सावकाश मान डावीकडे वळवली आणि हाक मारली, "बंड्या." बंडू आला. मामांनी तिसरीचं पुस्तक त्याच्या हातात दिलं. बंडूनं ते आडवं फिरवलं, कोल्ह्याचा धडा काढला आणि खालून वर न थांबता वाचत सुटला.

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं ते आम्हांला पुढं पुष्कळ वर्षांनी वाटलं. मामा भिंतीला टेकून बसले. "अख्ख्या जिल्ह्याच्या शाळा तपासल्या मी," एवढंच म्हणाले.

हेडमास्तर दुष्ट नव्हते. उलट कामाचा माणूस. उत्साहानं म्हणाले, "हरकत नाही! मूल हुशार आहे. मुंबईच्या शाळेत घाला. चांगला मास्तर असला तर पंधरा दिवसांत सरळ करील. चार छड्या बसल्या की हात आपोआप पुस्तक सरळ धरतो. छडी लागे छमछम, म्हटलेलंच आहे."

नाना आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. त्या हाताची दोन बोटं पुरती उघडत नसत, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. का, ते मला ठाऊक नव्हतं. मामांना ठाऊक होतं. नाना शाळेत डाव्या हातानं लिहायचे. मास्तरांनी तो हात पाठीशी बांधून ठेवायला लावला आणि सोडला की पेरांवर रूळ मारला. नाना पुढं उजव्या हातानं लिहायला लागले. अक्षर चांगलं होतं.

"नको," नाना म्हणाले.

"काय नको?" हेडमास्तरांनी विचारलं.

"सरळ नको करायला. वाचतेय ना? राहू दे हिला इथंच."

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मामीच्या हातातली रसाची पातेली. स्वैपाकघरभर रस. मामी त्यातच बसून रडत होती आणि मला म्हणत होती, "गो बायो, पाय घसरेल, आत येऊ नकोस."

शेवटच्या बोटीनं नाना एकटे गेले. पडाव सुटला तसे उभे राहून हात हलवत राहिले. डावा हात. तो त्यांनी बदलला नाही. आम्ही बोट दिसेनाशी होईपर्यंत बंदरावर होतो, आणि नानांबद्दल मला तेव्हा जेवढी माया वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी बसायच्या जागा बदलल्या. मी उजवीकडे, बंडू डावीकडे, दोघंही त्यांना चिकटून, तिघांची तोंडं एकाच दिशेला. "सरळ कर" असं ते आम्हांला एकदाही म्हणाले नाहीत. आपोआप झालं. पुढच्या उन्हाळ्यात मी स्वतः हट्ट धरून मुलींच्या शाळेत गेले. मामांनी दोन दिवस जेवण टाकलं आणि तिसऱ्या दिवशी मला शाळेच्या दारापर्यंत सोडायला आले, लांबच्या वाटेनं. उलटं वाचायचं मात्र राहिलंच. पुढं मी शिक्षिका झाले तेव्हा ते फार उपयोगी पडलं. मुलींच्या पाट्या मला समोरूनच वाचता यायच्या, आणि बाईंना चेटूक येतं अशी वर्गात बोलवा होती. बंडू छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागला. तिथं अक्षरं उलटी-आडवी वाचणाऱ्याला मान असतो. काकूंच्या दोन्ही मुलांपेक्षा त्याचं बरं चाललं.

जागा बदलल्या त्या आमच्या. मामी मात्र समोरच राहिली. तिला तिथून दूध दिसायचं. तिची जागा बदलायला हवी, असं मामांच्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी म्हणून मामांकडेच आले. तोवर मामांचे डोळे मोतीबिंदूनं जवळजवळ गेलेले. बंडूनं पत्रात लिहिलं होतं, की मामांना आता माणूससुद्धा आवाजावरून ओळखावा लागतो. वाटेत मी मनाशी ठरवत होते. आता त्यांना वाचून दाखवायचं ते मी. एवढं तरी फेडू या.

मोटारीतून उतरून पायऱ्या चढले तर माजघरातून मामांचा आवाज. तोच, उंच आणि स्वच्छ. कादंबरी वाचत होते! बंडू मेला खोटं बोलला की काय?

दारातून पाहिलं. मामा पाटावर. समोर व्यासपीठ, पुस्तकावरचं फूल बाजूला काढून ठेवलेलं, हातात काडी. डोळे मात्र कुठंतरी कोनाड्याकडे लागलेले. आणि समोर, आपल्या जागेवर मामी. मांडीत सूप. ती हळू आवाजात दोनचार शब्द म्हणायची, की मामा ते मोठ्यानं म्हणायचे आणि काडी जरा पुढं सरकवायचे. काडी भलत्याच ओळीवर होती. मामी शब्द म्हणता म्हणता एका हातानं ती नीट ओळीवर आणून ठेवायची. पुस्तक नवं होतं, बंडूच्या छापखान्यातून त्याच आठवड्यात आलेलं. पाठ असायचा प्रश्नच नव्हता.

"मामी!" मी ओरडलेच. "तुला वाचता येतं?"

ती दचकली. लाजून पदर सारखा केला. "मला कुठं गो वाचता येतं? सरळ धरलं तर एक अक्षर लागत नाही."

त्या दिवशीचं दाराआडचं बोलणं आठवलं. मला कळतं. मी तिच्या मांडीवर बसून शिकले, तर मांडी काय दगडाची होती? तिचेही डोळे त्याच काडीमागून फिरत होते. मला रागच आला. स्वतःचा आला, मामांचा तर फारच आला.

"अहो डिपोटी," मी म्हटलं, "उभ्या जिल्ह्याच्या मुलांची तुम्हांला काळजी. बायकोला एकदा विचारायचं होतंत!"

"विचारायचं नाही, हे तर माझं तत्त्व," मामा म्हणाले. मग बराच वेळ काडी नुसती बोटांत फिरवत बसले. "डोळे गेले तेव्हा मी पुस्तक मिटलं. म्हटलं, संपलं. तेव्हा ही म्हणाली, 'मिटू नका. पुढं काय झालं ते दिसतंय मला इथून.'" "एवढी वर्षं गो. आणि मी हिला नुसतं दूध बघायला बसवलं."

"दूधही बघायला हवंच की," मामी म्हणाली. "तू बस. दमली असशील. कादंबरीतल्या त्या मुलीला बोटीवर चढवतायत, ते होऊ दे आधी, मग चहा टाकते."

ती जरा सरकली. मी तिच्या शेजारी बसले. दोन ओळी नीट गेल्या, तिसऱ्या ओळीत एक अवघड जोडाक्षर आलं आणि ती अडली. मला ते तिथूनच दिसत होतं. ओठांवर आलं होतं. पण मी गप्प राहिले, मामाही गप्प राहिले, काडी त्या शब्दाखाली थांबून राहिली. मामीनं सूप खाली ठेवलं, पुढं वाकली, ओठ हलवले, आणि ते अक्षर तिचं तिनं लावलं.